गाण्याचा मुक्काम कुठल्या सुरांत?

पत्र, थोडक्यात: खानापूर तालुक्यातल्या एका गावातून २१ वर्षांच्या मुलीनं लिहिलंय. ती नऊ वर्षं शास्त्रीय गायन शिकते, सा काळी चार (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी). बेळगावला कॉलेजात आल्यावर कॅम्पातल्या एका बाईंकडे पाश्चात्त्य गायन सुरू केलं, त्याला दीड वर्ष झालं. बाईंनी आवाज तपासून ‘तू सोप्रानो’ (बायकांच्या आवाजातली सगळ्यात उंच जात) असं सांगितलं. डिसेंबरात नाताळाच्या आधी एका छोट्या सभागृहात तिला १२ मिनिटं मिळाली आहेत. तिला गायचंय मोझार्टच्या रात्रीच्या राणीचं गाणं, पुच्चिनीच्या ‘मादामा बटरफ्लाय’ या ऑपेरातलं ‘उन बेल दी’ आणि त्याचंच ‘ओ मियो बाब्बीनो कारो’. बाईंनी हातात ठेवलंय ‘कारो मियो बेन’ आणि वक्काई या इटालियन गुरूचे गळा घडवायचे पाठ. शास्त्रीयचे गुरुजी म्हणतात, या नादात गळा बिघडेल. वडील म्हणतात, आपल्याकडं हे कुणाला कळणार? ती विचारते: ‘अशी सोपी गाणी गायले तर मी सोप्रानो आहे हे लोकांना कळणार कसं? की नऊ वर्षं शास्त्रीय गायल्यामुळं माझा गळा या कामाचा राहिलाच नाही?’

प्रिय बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा ती तीन गाण्यांची यादी बघून पोटात गोळा आला. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या दोन प्रश्नांपाशी थांबले. ते आधी सोडवू, मग गाण्यांकडं वळू.

सोप्रानो म्हणजे वरचे सूर लागणारी बाई, असं तू धरून चालली आहेस. वरचे सूर लागायला हवेतच. पण एखादा सूर उडी मारून गाठणं वेगळं आणि त्या उंचीवर संसार करणं वेगळं. तिथं राहून शब्द बोलायचे, श्वास घ्यायचा, हळू व्हायचं, पुन्हा मोठं व्हायचं, आणि हे सगळं न दमता. जिला तिथं घरच्यासारखं वाटतं ती सोप्रानो.

आपल्या गाण्यातच बघ. पूरिया आणि सोहनी, दोन्हींत सूर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. तरी पूरिया मंद्र-मध्यात रेंगाळतो आणि सोहनी तार षड्जाभोवती घुटमळते. सोहनीची एखादी तान झोकात घेणाऱ्या गळ्याला अर्धा तास सोहनी मांडता येईलच असं नाही. गुरुजी तुला हे कधी ना कधी बोलले असतीलच. इटालियन गवय्यांकडं याला शब्द आहे, तेस्सितूरा. मी माझ्याकडं शिकणाऱ्या मुलींना ‘मुक्काम’ म्हणून सांगते. गाणं सगळ्यात वर कुठं जातं हे नंतर बघ, आधी ते मुक्कामाला कुठं आहे ते बघ.

इथं आपल्यात आणि त्यांच्यात एक मोठा फरक आहे. तो लक्षात आला की तुझा अर्धा गोंधळ संपेल. आपल्याकडं सा गाणाऱ्याचा असतो. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर गंगूबाई हनगलांचा आवाज खाली उतरला, तर त्यांनी सा खाली घेतला आणि तोच भारदस्त आवाज त्यांची ओळख झाला. कुमार गंधर्व तर आपल्या सुळेभावीत जन्मलेले. क्षयानं एक फुफ्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणं बंद राहिलं. पुन्हा गायला लागले ते आपल्या श्वासाच्या मापाचं गाणं घडवून, छोट्या छोट्या झेपांचं. राग तोच, पण तो गळ्याकडं चालत आला.

ऑपेरात, म्हणजे त्यांच्याकडच्या संगीत नाटकात, हे चालत नाही. संगीतकारानं ज्या पट्टीत लिहिलं त्याच पट्टीत गायचं, कारण वाद्यवृंदातले साठ-सत्तर जण तीच पट्टी समोर ठेवून बसलेले असतात. सुटी गीतं खालच्या-वरच्या पट्टीत छापलेली मिळतात, ऑपेरातलं गाणं सहसा हलवत नाहीत. म्हणून तिथं गळ्यानंच आपल्या मापाचं गाणं शोधत जायचं असतं. गाणं निवडणं हा तिथं निम्मा रियाझ आहे. बाईंनी तुला यादी दिली तेव्हा त्या तुला कमी लेखत नव्हत्या. त्या तुझ्यासाठी सा लावत होत्या.

आता तुझ्या गळ्याचा नकाशा बघू. सा काळी चार म्हणजे ख्यालात तू तार गंधार-मध्यम, फार तर तार पंचमापर्यंत जात असशील. सोप्रानोच्या गळ्याला एक सांधा असतो, त्याला इटालियनात पासाज्जो म्हणतात. तिथं आवाजाची जात बदलते. तो तुझ्या हिशेबानं तार पंचमाच्या लगेच वर, धैवत-निषादाच्या आसपास येतो. म्हणजे तुझा ख्याल जिथं थांबतो, त्याच्या पुढच्याच उंबऱ्यापासून सोप्रानोचं काम सुरू होतं. नऊ वर्षांत तुझा गळा बिघडलेला नाही. घरातल्या एका खोलीत तू अजून राहायलाच गेली नाहीस, एवढंच. जपायचं ते एका गोष्टीला. खुल्या आवाजानं तार पंचम लावायची सवय ख्यालात शोभते, पण तोच जोर सांध्याच्या वर रेटलास की मान ताठते, हनुवटी पुढं येते आणि सूर किंचाळल्यासारखा होतो. दीड वर्षात बाईंनी हे तुला शंभरदा सांगितलं असेल.

रात्रीची राणी आपण सरळ बाजूला ठेवू. १७९१ साली व्हिएन्नात तिचा ऑपेरा ‘द मॅजिक फ्लूट’ पहिल्यांदा रंगमंचावर आला तेव्हा राणीचं काम मोझार्टच्या मेहुणीनं, योझेफा होफरनं केलं. तिचा गळा डोळ्यांसमोर ठेवून ते सूर लिहिले गेले. त्यातला सर्वांत उंच सूर चारदा येतो. सेकंदाला सुमारे १४०० कंपनं, म्हणजे तुझ्या काळी चारच्या हिशेबानं अतितार सप्तकातला शुद्ध धैवत. आणि हे कशासाठी, तर राणी आपल्या मुलीच्या हातात खंजीर देऊन म्हणते, जा, माझ्या शत्रूचा जीव घे. ज्या गळ्यांना ही उंची उपजत आहे असे थोडे असतात, त्यांनीही त्यावर वर्षानुवर्षं घालवलेली असतात. तुझा गळा त्या जातीचा आहे का, हे २१व्या वर्षी ठरवायची घाई नको. लिरिक, कोलोरातुरा, ड्रॅमॅटिक ही सोप्रानोच्या पोटजातींची लेबलं आत्ता चिकटवून घेऊ नकोस. आवाज तिशीपर्यंत बदलत राहतो.

बटरफ्लायचा धोका वेगळा आणि जास्त फसवा. वरचा सूर तिथं भीती घालणारा नाही, तुझ्या अतितार रिषभाएवढाच आहे. नायिका पहिल्या अंकात १५ वर्षांची, म्हणून वाटतं की हे पोरीनंच गावं. पण पुच्चिनीनं १९०४ साली हे काम लिहिलं ते पिकलेल्या, भरदार गळ्यासाठी. ती जवळपास सबंध ऑपेराभर रंगमंचावर असते आणि खालून वाद्यवृंद सतत ढकलत असतो. त्याला तोंड देताना लहान गळा मधल्या सुरांत दाब द्यायला लागतो. नुकसान वरच्या सुरानं होत नाही, या मधल्या दाबानं होतं.

हे मी स्वतः करून बसले आहे. २४व्या वर्षी ‘तोस्का’मधलं ‘विस्सी दार्ते’ गायचा हट्ट धरला, माझ्या बाई नको म्हणत असताना. कार्यक्रमात टाळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हलका ‘ऊ’ लावायला गेले तर नुसती हवा आली. पुढचे सोळा दिवस तसेच गेले. बाई रागावल्या नाहीत. पावसाळ्याचे दिवस होते. बेळगावच्या ओलीनं पियानो फुगू नये म्हणून त्यांनी त्याच्या पोटात एक छोटा बल्ब रात्रंदिवस जळत ठेवलेला असायचा, फटीतून त्याचा पिवळा उजेड पायावर पडायचा. त्यांनी त्या गाण्याचं पान काढलं, जिथं सगळ्यात उंच सूर होता त्यावर एक जुनं पोस्टकार्ड ठेवलं आणि म्हणाल्या, ‘हा सूर नाहीच असं समज. उरलेलं गाणं गा.’ गायले. दुसऱ्या ओळीतच दमले. तेव्हा कळलं, मी वर्षभर एका सुराची तालीम केली होती आणि गाण्याची केलीच नव्हती.

पोस्टकार्ड आता सहसा हाताशी नसतं, पण बसचं तिकीट चालेल. तुझ्या तिन्ही गाण्यांवर हे करून बघ.

‘कारो मियो बेन’ला तू सोपं म्हणतेस. भूप पहिल्या वर्षी शिकवतात, म्हणून भूप सोपा आहे का गं? अठराव्या शतकातलं हे छोटं इटालियन गीत जगभर गाणाऱ्यांच्या हातात पहिल्यांदा ठेवतात, आणि नावाजलेल्या गायिका म्हातारपणापर्यंत मैफलीत गातात. दीड सप्तकाच्या आतलं. त्यात पळवाट नाही. श्वास कमी पडला तर लगेच कळतं, स्वर आखडला तर कळतं, मनात काही नसलं तर सगळ्यात आधी कळतं. प्रियकराला एवढंच म्हणायचंय की, तुझ्यावाचून जीव कोमेजतो, एवढं तरी खरं मान. वक्काईच्या पाठांनाही नाक मुरडू नकोस. आपले पलटे आकारात किंवा सरगमात घोटतात, त्यानं ते शब्दांवर बसवले. एका पाठात तिसऱ्या सुरावर उड्या, पुढच्यात चौथ्या, मग हळूहळू मुरक्या. नऊ वर्षं पलटे घोटलेल्या मुलीला ते हसत जमतील.

इटालियन उच्चारांत तर तू बऱ्याच जणींच्या पुढं आहेस. इंग्रजी वळणाच्या जिभा ‘त’ला ‘ट’ करतात, ‘द’ला ‘ड’. आपला त आणि द तिथं जसाच्या तसा चालतो. जोडाक्षरावर क्षणभर थांबायचं असतं, ते तर सीमाभागातल्या पोरीला शिकवायला नको. शेजारच्या कन्नड घरातलं अक्का, अप्पा, अम्मा ऐकत वाढलीस ना, तोच ठसका ‘बाब्बीनो’च्या दोन ब-मध्ये हवा. दोन सवयी मात्र सोडाव्या लागतील. आपण शब्दाचा शेवट तोडतो, आणि न-म आला की तोंड लवकर मिटून गुणगुणतो. इटालियनात स्वर शेवटच्या क्षणापर्यंत उघडा ठेवायचा, व्यंजन पुढच्या शब्दाच्या दारात ठेवायचं.

मुख्य गाणं म्हणून मी तुला हेंडेलचं ‘लाशा कियो प्यांजा’ सुचवीन. हे ऑपेरातलंच आहे, १७११ साली लंडनमध्ये झालेल्या ‘रिनाल्दो’मधलं, आणि सोप्रानोचंच. बंदिवान झालेली अल्मिरेना म्हणते, माझ्या नशिबावर मला रडू तरी दे. संथ तीन मात्रांचा ठेका, आणि शब्दाशब्दांमध्ये रिकाम्या जागा. नवख्या मुलीला वाटतं तिथं श्वास घ्यायचा. तिथं गळ्यात दाटून आलेलं असतं, म्हणून शब्द फुटत नाही. ती शांतता गायची असते. विलंबितात समेच्या आधी तू जशी थांबतेस तशी. ही चाल हेंडेलनं आधी एका नृत्यासाठी केली होती, मग वेगळे शब्द घालून दुसऱ्या रचनेत वापरली, आणि इथं ती अजरामर झाली. आपल्या नाटकवाल्यांना याचं काही नवल वाटायचं नाही, लोकांच्या कानातल्या चालीवर पद बांधायची रीत आपल्याकडं जुनीच.

हे गाणं तुझं आहे असं मला वाटतं त्याचं खरं कारण पुढं आहे. मधला भाग संपला की पहिला भाग पुन्हा येतो, आणि दुसऱ्या वेळी गाणारीनं त्यात स्वतःच्या जागा घ्यायच्या ही त्या काळाची रीतच होती. जे गायचं ते सगळं कागदावर नाही! पाश्चात्त्य पद्धतीत लहानपणापासून वाढलेल्या कितीतरी मुली इथं बिचकतात, शिक्षकांकडून हरकती लिहून घेतात. तुला कुणी लिहून द्यायची गरज नाही. फक्त तोल सांभाळ. सूर सुटे आणि स्वच्छ, मींड अगदी थोडी, गमक नकोच. आठ-दहा जागा बांधून बाईंना ऐकव. त्यातल्या पाच-सहा त्या काढून टाकतील. राहिलेल्या तीन-चार घेऊन मंचावर जा.

तिसरं गाणं हलकं हवं, नाहीतर श्रोते दोन दुःखी गाण्यांनंतर खुर्चीत रुततात. मोझार्टच्या ‘दॉन जोवान्नी’ या ऑपेरात झेर्लिना नावाची खेड्यातली पोरगी आहे. तिच्या नवऱ्या मुलाला मार बसलाय, तो विव्हळतोय, आणि ती म्हणते, माझ्याकडं एक औषध आहे, कुठल्या वैद्याकडं मिळायचं नाही. मग त्याचा हात स्वतःच्या छातीवर ठेवते, बघ कसं धडधडतंय. खाली वाद्यांत खरोखर ती धडधड ऐकू येते. ‘वेद्राय कारीनो’ हे त्याचं नाव. मुक्काम मधल्या आणि तार सुरांत, दाब कुठंच नाही, नुसता खट्याळ गोडवा. आवाज मोठा करावासा वाटला की समजायचं, चुकतंय.

‘कारो मियो बेन’ तीन मिनिटं, हेंडेल पाच, झेर्लिना साडेतीन. झाली की तुझी १२ मिनिटं, उठण्याबसण्यासकट.

राहिलं ‘ओ मियो बाब्बीनो कारो’. हे मी तुझ्याकडून हिरावून घेणार नाही, कारण तुझ्या यादीत खरोखर तुझ्या जवळ असलेलं हे एकच आहे. गंमत बघ, त्याची पट्टीही काळी चारच. शुद्ध स्वरांचं, मध्य पंचमापासून अतितार षड्जापर्यंत. म्हणजे तंबोरा न बदलता तुला त्याचे सूर डोळ्यांसमोर दिसतील. अडचण एकच. तो वरचा षड्ज, सेकंदाला सुमारे ८३० कंपनांचा, तिथं अलगद जाऊन क्षणभर थांबायचं असतं, आणि ते सांध्याच्या वर आहे. व्यायामात तो सूर लागतो असं तू लिहिलंस. व्यायामात लागणारा सूर गाण्यात दोन सूर कमी समजायचा, असा माझा अनुभव आहे. तिथं टिकायला तुझा गळा त्याच्याही वर दोन सूर सहज जायला हवा. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत वाट बघ. तोवर तो षड्ज हळू आवाजात, हसऱ्या चेहऱ्यानं, लागोपाठ तीन दिवस लागला, तर झेर्लिनाच्या जागी हे गा. नाही लागला तर पुढच्या वर्षी. गाणं १९१८ सालापासून थांबलंय, अजून एक वर्ष थांबेल.

हे झालं तुझं. पण अशी पत्रं मला निपाणीहून, चिकोडीहून, शहापुरातूनही येतात. परीक्षेसाठी गाणं निवडायचंय, चर्चमधल्या गायनवृंदात एकटीनं गायचंय, लग्नात गायचंय. त्या सगळ्यांसाठी मी जी पारख सांगते ती इथं लिहून ठेवते.

गाण्याचा कागद घे. जुन्या रचनांचे कागद आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पेन्सिलीनं सांध्याच्या वरचे सगळे सूर गोल कर. मग बघ, ते गोल एकटेदुकटे आहेत की ओळीच्या ओळी भरल्यात, आणि त्या सुरांवर शब्द कुठले आहेत. उंच सुरावर ‘इ’ आणि जोडाक्षरं असली तर काम दुप्पट. नंतर सबंध गाणं नुसतं हळू आवाजात गाऊन बघ. जे हळू गाता येत नाही ते अजून आपलं झालेलं नाही, फक्त ओरडून निभावतंय. मग एखाद्या दमलेल्या दिवशी गा. खानापूरच्या बसमध्ये उभी राहून आलेल्या संध्याकाळी जे गाणं निघतं, तेच भीतीनं हातपाय गार पडलेल्या मंचावर निघेल. सुटीच्या दिवशी, झोप झालेल्या सकाळी कुठलंही गाणं निघतं. आणि शेवटी दुसऱ्या दिवशीची सकाळ. उठल्यावर पाणी पिऊन हलका, बारीक ‘ऊ’ वरपर्यंत ने. स्वच्छ निघाला तर कालचं गाणं तुझ्या मापाचं. धुरकट निघाला, मध्येच तुटला, तर ते गाणं सध्या जड आहे. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर आलं-मधावर वेळ काढू नये, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलींच्या आयांना एकच सांगणं: ऑपेरा आत्ता नको. लोकगीतं, शुबर्टची साधी गीतं, वृंदातलं गाणं. मोबाइलवर एखादी दहा वर्षांची मुलगी मोठ्या बाईच्या आवाजात ऑपेरा गाताना दिसते, तो आवाज ती जीभ आणि जबडा दाबून काढत असते. त्याचं कौतुक लेकीसमोर करू नका.

तुझ्या गुरुजींचं भय खोटं नाही. एकाच बैठकीत तासभर ख्याल आणि लगेच तासभर आरिया, म्हणजे ऑपेरातली गाणी, असं केलंस तर गळा गोंधळेल. सकाळी खर्ज आणि तंबोरा, संध्याकाळी पियानो. मध्ये निदान चार-पाच तास. गुरुजींना बाईंच्या वर्गाची गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तू जाऊन सांग, आणि हेंडेलच्या दुसऱ्या फेरीतल्या जागा त्यांना गाऊन दाखव. मला वाटतं ते एखादी जागा सुधारून देतील.

अजून एक. पत्रात जाता जाता लिहिलंयस की बाई तुझा गंधार ‘थोडा उतरलेला’ म्हणतात आणि तुला त्याची लाज वाटते. बाळ, तुझा कान चुकत नाही. तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो पियानोच्या गंधारापेक्षा खरंच किंचित खाली असतो. पियानोचे बारा सूर समान अंतरावर बसवलेले, म्हणून त्याचा गंधार जरा चढा. नऊ वर्षं तू तंबोऱ्याशी प्रामाणिक राहिलीस, त्याची ही खूण आहे. पियानोबरोबर गाताना तेवढा वर घ्यायचा, आणि हे अंतर तुला कळतं ही तुझी जमेची बाजू.

सभागृहाचं आत्ताच विचारून घे. पियानो आहे का, कधी सुरात लावला होता, की कीबोर्ड आणायचा. साथीला कोण बसणार, आणि तिच्याबरोबर चार तालमी तरी मिळतील का. बेळगावात साथीला बसणारं माणूस सहज मिळत नाही, गोव्याहून बोलवायचं तर तारीख आधी धरावी लागते. रेकॉर्ड केलेल्या साथीवर गाऊ नकोस, ती तुझ्या श्वासासाठी थांबत नाही. माइक असेल तर दोन-तीन हात मागं उभी राहा. आणि प्रत्येक गाण्याआधी दोन वाक्यांत मराठीत सांग, कोण गातंय, कुणाला, का. कन्नड बोलणारे येणार असतील तर एक वाक्य कन्नडमध्येही.

कारण तुझ्या बाबांचा प्रश्न आहे ना, आपल्याकडं हे कुणाला कळणार? ज्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं आणि मराठी माणसाला नाटकात गाण्याचं वेड लावलं, ते आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बोलता बोलता भावना अनावर झाली की पात्र गायला लागतं, हे आपल्या आज्या-पणज्यांना चांगलं कळत होतं. आरिया म्हणजे दुसरं काय आहे? पद आहे ते, नाटकातलं.

‘ओ मियो बाब्बीनो कारो’ लोक प्रेमगीत म्हणून गातात, लग्नांत वाजवतात, कुणी ‘बांबीनो’ म्हणून बाळाची अंगाई करून टाकतात. ‘बाब्बो’ हा फ्लॉरेन्सकडचा शब्द, अर्थ ‘बाबा’. लौरेत्ता नावाची मुलगी हट्टी बापाला म्हणते आहे, बाबा, मला तो आवडतो, मला अंगठी घ्यायला जाऊ द्या, आणि नाही म्हणालात तर पुलावरून नदीत उडी घेईन. तिला उडी घ्यायची नाही. बापाला वितळवायचं आहे, आणि बाप वितळतो.

डिसेंबरात ते गा किंवा नको गाऊ. पण या रविवारी गावी जाशील तेव्हा जेवणं झाल्यावर बाबांना त्याचे शब्द आधी मराठीत वाचून दाखव, मग बसल्या जागी, हळू आवाजात, वरचा षड्ज सोडून, एकदा म्हणून दाखव. मग मला लिहून कळव ते काय म्हणाले.